शाका झुलूचे श्रेय भाल्याला की लग्नबंदीला?

चर्चाप्रस्ताव

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचा राजा शाका याच्याविषयी बोलताना बहुतेक जण आखूड भाल्यापासून सुरुवात करतात. फेकायचा लांब भाला टाकून देऊन त्याने रुंद पात्याचा, भोसकण्याचा ‘इक्ल्वा’ सैनिकांच्या हाती दिला आणि त्या बळावर राज्य उभे केले, असे सांगितले जाते. माझ्या मते हे श्रेय चुकीच्या जागी दिले जात आहे. १८१६ च्या सुमारास सेन्झांगाखोना वारला आणि शाका झुलूंचा प्रमुख झाला, तेव्हा झुलू हे एक लहानसे कुळ होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत फोंगोलो नदीपासून थुकेला नदीपर्यंतचा आणि त्याही पलीकडचा प्रदेश त्याच्या धाकाखाली आला. हा विस्तार शक्य झाला तो ‘अमाबुथो’ या समवयस्क तरुणांच्या पलटणींवर त्याने बसवलेल्या पकडीमुळे. निरनिराळ्या कुळांतली मुले राजाच्या छावण्यांत एकत्र राहत, राजाची गुरे राखत, राजाच्या मालकीच्या ढाली वापरत आणि राजाने परवानगी देईपर्यंत त्यांना लग्न करता येत नसे. लग्न नाही म्हणजे स्वतंत्र घर नाही, आणि घर नाही म्हणजे कुळाच्या मुखियाकडे वळणारी निष्ठाही नाही. माणूस कुळापासून सोडवून राजाशी बांधणे, हीच शाकाची खरी लष्करी सुधारणा होती.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. आपण ज्याला शाकाची सुधारणा म्हणता, ती त्याला आयती मिळाली होती. शेजारच्या म्थेथ्वा लोकांचा राजा डिंगिस्वायो याने आधीच पलटणी उभारल्या होत्या. शाका स्वतः त्याच्याच सैन्यात घडला आणि झुलूंची गादी त्याला मिळाली तीही डिंगिस्वायोच्या पाठबळावर. उत्तरेकडच्या न्ड्वान्ड्वे लोकांचा राजा झ्विडे याच्याकडेही अशाच पलटणी होत्या. डेलागोआ (आजच्या मापुतो) उपसागराकडे जाणारा हस्तिदंत आणि गुरे यांचा व्यापार, दुष्काळ, कुरणांसाठीची चढाओढ यांमुळे त्या काळात या भागातली सगळीच राज्ये लष्करी होत चालली होती. एका माणसाच्या प्रतिभेने हे सारे समजावून सांगणे मला इतिहासाचे सुलभीकरण वाटते.

प्रतिसाद २

व्यवस्था दोघांकडे सारखीच होती, तर झ्विडे का हरला, याचे उत्तर वरच्या प्रतिसादात मिळत नाही. झ्विडेनेच डिंगिस्वायोला पकडून ठार मारले होते आणि त्या क्षणी पारडे पूर्णपणे त्याच्याकडे झुकलेले होते. तरीही १८१९ च्या सुमारास म्लाथुझे नदीच्या परिसरात त्याचे सैन्य मोडले. मोहिमेची जी हकीकत परंपरेने सांगितली जाते, तिच्यानुसार शाकाने समोरासमोर झुंज टाळली, गुरे आणि धान्य हलवले, शत्रूला उपाशीपोटी आत ओढले आणि तो थकून परतू लागल्यावर त्याच्यावर झडप घातली.

चर्चाप्रस्तावकांनी भाल्याला इतके खाली ढकलू नये, असेही मला वाटते. फेकलेला भाला हातातून जातो आणि माणूस मागे सरतो, पण हातात राहणारा भाला त्याला शत्रूच्या अंगाला भिडायला लावतो. बैलाच्या आकाराच्या व्यूहात मधली ‘छाती’ शत्रूला गुंतवून ठेवते, दोन्ही ‘शिंगे’ त्याला वळसा घालतात आणि राखीव तुकडी मागे थांबते. छातीतल्या माणसांनी जागा सोडली, तर शिंगांचा काहीच उपयोग उरत नाही. ती जागा न सोडण्याची सवय आखूड भाल्याने लावली, आणि म्हणून शस्त्र आणि शिस्त यांची अशी फारकत करता येत नाही.

प्रतिसाद ३

हे सर्व आपण कोणाच्या शब्दांवरून बोलत आहोत, याचाही विचार व्हावा. पोर्ट नाताळचा (आजच्या डर्बनचा) व्यापारी नॅथॅनिएल आयझॅक्स याने १८३२ मध्ये तिथलाच दुसरा व्यापारी हेन्री फिन याला पत्र लिहून, शाका आणि त्याच्यानंतरचा राजा डिंगाने यांना शक्य तितके रक्तपिपासू दाखव, म्हणजे पुस्तक खपेल, असा सल्ला दिला होता. १८२७ मध्ये शाकाची आई नांदी वारल्यानंतरच्या कत्तलीचा सात हजारांचा आकडा फिनकडूनच आलेला आहे. १८९७ पासून पुढे नाताळमधल्या जेम्स स्टुअर्ट या इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्याने झुलू वृद्धांच्या तोंडून टिपून घेतलेल्या आठवणी त्यामुळे मला फार मोलाच्या वाटतात, कारण त्यांत शाकाचे गुणगानही आहे आणि त्याच्या हातून आप्त गमावलेल्यांचे दुःखही आहे. आकडे फुगवलेले असले, तरी दहशत खोटी ठरत नाही. १८२८ च्या सप्टेंबरमध्ये डिंगाने आणि म्लांगाना या सावत्र भावांनीच त्याला ठार केले. कौतुक करताना ज्या तरुणांचे अर्धे आयुष्य राजाच्या परवानगीची वाट पाहण्यात गेले, त्यांनाही विसरू नये.

चर्चाप्रस्तावकांचे उत्तर

डिंगिस्वायोचे ऋण मला मान्य आहे, आणि शस्त्र व शिस्त यांच्या नात्याविषयीचा मुद्दाही मी स्वीकारतो. मूळ मत मात्र मी सोडत नाही. ११ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रजांनी तेव्हाचा झुलू राजा केचवायो याला निर्वाणीचा खलिता दिला, त्यात लष्करी व्यवस्था मोडावी आणि वयात आलेल्या प्रत्येक पुरुषाला लग्नाची मोकळीक द्यावी, अशा अटी होत्या. राज्याचा कणा कुठे आहे, हे शत्रूने बरोबर ओळखले होते.

प्रतिसाद १ चे लेखक

तो खलिता शाकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी आला. मधल्या काळात डिंगानेने राज्य केले आणि १८४० पासून १८७२ पर्यंत म्पांडेने. त्या खलित्यानंतरच्या युद्धात इसांडल्वाना येथे २२ जानेवारी १८७९ रोजी इंग्रजांची फळी मोडणाऱ्या पलटणींतल्या तरुणांचा जन्म म्पांडेच्या कारकिर्दीतला होता. बत्तीस वर्षे ती व्यवस्था ज्याने टिकवली, त्याचे नावही या चर्चेत आतापर्यंत कोणी घेतलेले नाही.