नकाशात भिंतींना जागाच नाही

(कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा, वर्धा जिल्हा)

बाबा: सर्वांना नमस्कार. आपल्या छोटीला आठवीच्या गणितात स्वप्नातील घराचा आराखडा काढण्याचा प्रकल्प मिळाला आहे. घराचे बाहेरचे माप 30 फूट बाय 30 फुटांपेक्षा अधिक असू नये, आलेखाच्या कागदावर 1 सेंटिमीटरला 2 फूट हे प्रमाण घ्यावे आणि प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ लिहावे, अशा अटी आहेत. तिने समोर 30 बाय 6 ची ओसरी, मध्ये 16 बाय 12 ची बैठक व 14 बाय 12 चे स्वयंपाकघर आणि मागे 15 बाय 12 च्या दोन खोल्या काढल्या असून त्यांची बेरीज बरोबर 900 चौरस फूट येते. मात्र कागदावरचे चौकोन मोजून उत्तर काढले की ते 450 येते. अर्धे घर कुठे गेले, हे आम्हा दोघांनाही उमगत नाही. वही सोमवारी द्यायची आहे.

आत्या: घर कुठेही गेलेले नाही. 1 सेंटिमीटरला 2 फूट हे लांबीचे प्रमाण आहे, क्षेत्रफळाचे नव्हे. एक चौकोन आडवा 2 फूट आणि उभाही 2 फूट असल्यामुळे त्यात 4 चौरस फूट जमीन मावते. तुझे 225 चौकोन गुणिले 4, म्हणजे 900. तू 2 ने गुणलेस, म्हणून अर्धे आले. प्रमाणाचा वर्ग करावा लागतो, ही गोष्ट वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेव. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये असते, तेव्हा जमल्यास तेही रूपांतर दाखव. एक आर म्हणजे सुमारे 1076 चौरस फूट, त्यामुळे तुझे घर एका आरात बसून थोडी जागा उरते.

छोटी: आत्या, आता समजले. मी 900 लिहून प्रकल्प पूर्ण केला तर चालेल का?

मोठे बाबा: बेटा, अजून पूर्ण झाला नाही. मी तीस वर्षे घरे बांधतो आहे आणि तुझा नकाशा पाहताच एक गोष्ट खटकली. तुझ्या घराला भिंतीच नाहीत. पेन्सिलीच्या रेषेला जाडी नसते, विटांच्या भिंतीला असते. बाहेरची भिंत 9 इंचांची धरली, तर दोन्ही बाजूंचा मिळून दीड फूट जातो आणि आत 28.5 बाय 28.5, म्हणजे 812.25 चौरस फूट उरतात. आतल्या भिंती साडेचार इंचांच्या धरल्या, तर ओसरीमागची एक, मधली एक आणि खोल्या वेगळ्या करणाऱ्या दोन, अशा मिळून आणखी सुमारे 29.5 चौरस फूट जातात. एकूण 117 चौरस फूट भिंतींनी खाल्ले, म्हणजे 10 बाय 10 ची एक अख्खी खोली आणि वर थोडे. लोक 900 फुटांचे घर म्हणून पैसे मोजतात आणि 783 फुटांत राहतात, हे मी गिऱ्हाइकाला काम सुरू होण्याआधीच सांगतो, कारण नंतर सांगितले की भांडण होते.

तुझ्या प्रमाणात 9 इंचांची भिंत 3.75 मिलिमीटर येते, म्हणजे आलेखाच्या कागदावरचे जवळपास चार बारीक चौकोन. आतली भिंत सुमारे दोन चौकोनांची. त्या गडद करून रंगव. ओसरी 6 फूटच ठेवली, तर ओसरीमागच्या प्रत्येक खोलीचे पुढून मागचे माप 12 ऐवजी 10 फूट साडेदहा इंच होईल, आणि शेवटच्या दोन खोल्यांची रुंदी 15 ऐवजी 14 फूट पाऊण इंच. दोन्ही बाजूंचा गिलावा धरला की रुंदी पाव इंच कमी 14 फूट राहते. त्यात 2 फुटी फरशा एका ओळीत सात बसतात, शेवटची जराशी घासून. दुसऱ्या बाजूलाही गिलाव्याचा एक इंच वजा केला की पाच फरशा आणि साडेनऊ इंचांची पट्टी लागते. एका फरशीतून दोन पट्ट्या निघतात, म्हणून एका खोलीला 35 अखंड आणि पट्ट्यांसाठी 4, अशा 39 फरशा पुरतील. तू क्षेत्रफळाला 4 ने भागून 45 लिहिल्या असतील, ते माप बिनभिंतीच्या खोलीचे आहे.

काका: दादा, मग सगळ्या भिंती साडेचार इंचांच्याच का करू नयेत?

मोठे बाबा: बाहेरच्या पातळ केल्या, तर चैत्र-वैशाखात घर भट्टीसारखे तापेल. आपल्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती दीड फुटांच्या होत्या. त्या हिशेबाने 30 बाय 30 मधून आत फक्त 27 बाय 27, म्हणजे 729 चौरस फूट उरतात, पण दुपारी आबाजी ओसरीत निवांत झोपत. सेवाग्रामची बापूकुटीही माती, बांबू आणि कवेलूंचीच (कौलांचीच) आहे. जागा आणि गारवा यांत किती काय सोडायचे, ते छोटीने वहीत कारणासह लिहावे.

काका: आणि हेच 900 फूट 20 बाय 45 मध्ये बसवले तर?

आत्या: क्षेत्रफळ तेवढेच राहील, पण परिमिती 120 वरून 130 फूट होईल. वाढलेली 10 फूट भिंत 10 फूट उंच धरली, तर घनफळ 75 घनफूट होते आणि तेवढ्यात एक हजाराच्या आसपास विटा लागतात. छोटी, तुझे चौकोनी घर स्वस्त पडते, हे तुला ठाऊक नसताना बरोबर आले आहे.

काकू: आजी म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "एवढे मोठे घर काढले आणि संडास-न्हाणी कुठे आहे? रात्री या वयात अंगणाच्या टोकाला जाऊ काय?"

छोटी: आजी, मी विसरले. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये काढू का?

मोठे बाबा: तिथे बाहेरची भिंतच येत नाही, मग खिडकी कुठे काढशील आणि पाणी कसे काढशील? मागच्या एका खोलीच्या कोपऱ्यातून 4 फुटांची पट्टी काढ. भिंत धरून ती खोली 9 फूट सव्वाआठ इंच रुंद राहील, म्हणजे 105 चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीसाठी किमान 9.5 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 102 चौरस फूट लागतात, त्यामुळे जेमतेम बसते. एक दार खोलीतून आणि एक सांदवाडीतून (मागच्या अंगणातून) ठेव, म्हणजे पाहुण्यांना झोपायच्या खोलीतून जावे लागणार नाही.

काका: गावातल्या घरकुलांशीही तुलना कर. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट असतात. तुझ्या 900 च्या तुलनेत ते जवळपास तीन दशांश आहे.

छोटी: लिहिते. जागा वाचवण्यासाठी ओसरी 4 फुटांची करायचे मनात होते, पण आताच टेपने आबाजींची बाज मोजली. ती 3 फूट रुंद आहे. 6 फुटांच्या ओसरीत ती भिंतीला लावली की चालायला 3 फूट उरतात, 4 फुटांत एकच फूट उरला असता. ओसरी 6 फूटच ठेवते आणि भिंती रंगवून नकाशा उद्या पुन्हा पाठवते.