गावभागातलं (सांगली) जुनं घर विकायचंय, आधी पैसे घालावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात वडिलांनी बांधलेलं घर आहे. आरसीसी, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, गच्चीवर नंतर चढवलेली पत्र्याची खोली. वडील आता नाहीत. आई माझ्याकडे विश्रामबागला, भाऊ पुण्यात, बहीण कराडला. घर बंदच असतं, तेव्हा विकून टाकू यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत तेवढ्यापुरतंच.

भाऊ म्हणतो, आहे तसं काढा, घेणारा जागेचे पैसे देतो. एजंट म्हणतो, चारेक लाख घाला, खाली व्हिट्रिफाइड फरशी, मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग करा, घातलेल्याच्या दुप्पट वसूल करून देतो. दुप्पट हा शब्द ऐकला की मी खिसा चाचपतो.

खरी गोम पुराची. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा घरात पाणी होतं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५) तेव्हा खालचा मजला खिडक्यांच्या वर बुडाला. पाणी उतरल्यावर बघतो तर प्लायवूडची कपाटं फुगून त्यांची दारं मिटेनात. कडाप्प्याच्या मांडण्या मात्र पाइपने धुतल्या आणि आईने डबे परत लावले. त्या घरात मॉड्युलर किचन करायचं म्हणजे गंमतच. पण येणारं गिऱ्हाईक आधी स्वयंपाकघरच बघतं हेही खरं. तिथेच मोरी आणि संडास मागच्या बोळात हे दिसलं की तरुण जोडपी वर न जाताच परत फिरतात.

खालच्या भिंतींना कमरेपर्यंत पोपडे येतात. पुट्टी मारून रंग दिला, तरी पावसाळा झाला की पुन्हा तेच.

शिवाय जिन्याशेजारी वडिलांनी ऑइलपेंटने पाण्याची रेघ मारून साल लिहून ठेवलंय. एजंट म्हणतो, पहिलं ते पुसा. मला पटत नाही, पण भाऊ त्याच्या बाजूने आहे.

तर खर्च करावा का, आणि केलाच तर कशावर? रेघेचं काय करू?

काटकोन :
पुट्टीने ते पोपडे कधीच जाणार नाहीत. विटांनी पाणी आणि क्षार पिऊन घेतलेत. वीट वाळताना क्षार बाहेर येऊन गिलाव्याला ढकलतात. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा खरवडा, विटा उघड्या ठेवून उन्हाळाभर वाळू द्या, मगच नवा गिलावा. घाई केलीत तर पैसे पाण्यात, गावभागात तर शब्दशः.

फॉल्स सीलिंग विसरा. त्या पैशात वर एक संडास-बाथरूम आणि छोटा ओटा करा. मीटर आणि मेन स्विच २०१९ च्या रेघेच्या वर घ्या. पुरात वरचा मजला स्वतंत्र चालतो हे दाखवता आलं तर बोलणी पुढे सरकतात. खाली साधी फरशी आणि कडाप्पाच बरा.

हळदपेठ :
एजंटाचं काय जातंय, पैसा तुमचा. फरशीआधी कागद बघा. सिटी सर्व्हे उताऱ्यावर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसांची नावं लागलीत का? नसतील तर आधी तेच काम. आईसकट तुम्हा सगळ्यांच्या सह्या लागतील, बहिणीला गृहीत धरू नका. घरपट्टी भरल्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा मागतो. पत्र्याची खोली त्यात नसेल तर तिचं मोल शून्य, वर शंकेला जागा.

रेघ राहू द्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगायला हवा. आणि गावभागात पूर येतो हे लपवणार कुणापासून?

बिलं जपा. नवीन बाथरूमसारखा खर्च कॅपिटल गेन (विक्रीतला करपात्र नफा) काढताना धरता येतो, नुसत्या रंगाचा नाही. सीएला आत्ताच भेटा, व्यवहार ठरल्यावर नको.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. वारस नोंद अजून झालेली नाही. आता आधी तेच. भावाला कलम ५५ वाचून दाखवलं, तो सध्या गप्प आहे. मॉड्युलर किचन रद्द, गिलावा मार्चमध्ये काढतो.

दोन शंका उरल्या. वरचा संडास बोळातल्या जुन्या लाइनला जोडता येईल, की वेगळी परवानगी लागेल? आणि पत्र्याची खोली विक्रीआधी उतरवावी, की किंमत कमी करून घेणाऱ्यावर सोडावी? पुरातल्या घरांचं गिलाव्याचं काम केलेला गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.