मदत हवी आहे : बी.एड.च्या दोन वर्षांचा खर्च शिष्यवृत्तीतून कसा भागवावा?

त्रिकोणमिती

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात राहते. २०२२ मध्ये गणित विषय घेऊन बी.एस्सी. झाले आणि तेव्हापासून गावाजवळच्या एका खाजगी शिकवणीत आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. यंदा बी.एड.ची सीईटी दिली असून गुण समाधानकारक आहेत. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, पसंतीक्रम भरणे अजून सुरू व्हायचे आहे. माझा प्रवर्ग इतर मागासवर्ग आहे. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर दाखला हाताशी आहे. वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तहसील कार्यालयातून मिळालेल्या दाखल्यावर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,१०,००० रुपये नोंदले आहे. माझी स्वतःची शिल्लक ३८,००० रुपये आहे. धाकटा भाऊ आयटीआयला असल्यामुळे घरातून यापेक्षा अधिक मागणे मला योग्य वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मी घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात चौकशीसाठी गेले होते. त्यांच्या पत्रकाप्रमाणे वर्षाचे शिक्षण शुल्क ४२,००० रुपये असून विकास शुल्क आणि इतर बाबी मिळून आणखी ९,००० रुपये होतात. तेथील लिपिकांनी मला सांगितले की कॅपच्या फेऱ्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही, संस्थास्तरावरची, म्हणजे कॅपबाहेर महाविद्यालय स्वतः भरते ती, जागा ५,००० रुपये भरून आजच पक्की करावी, पहिल्या वर्षाचे पूर्ण शुल्क दोन हप्त्यांत द्यावे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज ते स्वतः भरून देतील. दुसऱ्याच दिवशी एका मध्यस्थाचा फोन आला. परराज्यातील महाविद्यालयातून, वर्गात हजर न राहता, केवळ परीक्षेपुरते जाऊन बी.एड. करून देतो, असे त्याचे म्हणणे होते.

मुलींना शुल्कमाफी झाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते, परंतु ती बी.एड.ला आणि विनाअनुदानित महाविद्यालयाला लागू आहे का, शुल्क आधी भरून नंतर परत मिळते का, पदवीनंतर पडलेल्या तीन वर्षांच्या खंडामुळे अर्ज बाद होईल का आणि शुल्क सुटले तरी दोन वर्षांच्या राहण्या-जेवणाचे काय, या प्रश्नांची उत्तरे मला एका ठिकाणी मिळत नाहीत. शैक्षणिक कर्ज काढावे की काढू नये, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

टेबल_क्रमांक_चार

ताई, मी एका अनुदानित महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळतो, त्यामुळे आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो : ते ५,००० रुपये भरू नका.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के लाभ दिला जातो. बी.एड. हा सीईटी कक्षामार्फत प्रवेश होणारा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे आणि हा लाभ शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित व कायम विनाअनुदानित अशा सर्व महाविद्यालयांना लागू आहे. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे मात्र त्यातून वगळलेली आहेत. आता खरी मेख पाहा. हा लाभ केवळ कॅपमधून प्रवेश घेतलेल्या मुलींना आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला, तर तेच महाविद्यालय, तोच वर्ग, तेच शुल्क, पण माफी नाही. लिपिकाने अर्ज भरून दिला तरी छाननीत कॅपचे जागावाटपाचे पत्र मागितले जाते आणि ते आपल्याकडे नसेल. जी जागा आपल्याला पसंतीक्रमाने शुल्काविना मिळू शकते, ती घाईने विकत घ्यायला लावण्याचा हा प्रकार आहे. दरवर्षी जून-जुलैत माझ्या टेबलासमोर अशी दोन-तीन मुले तरी रडवेल्या चेहऱ्याने उभी असतात आणि तोपर्यंत त्यांच्यासाठी काही करण्यासारखे उरलेले नसते.

शुल्क आधी भरावे लागते का, या प्रश्नाचे उत्तर असे की पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाने महाविद्यालयांना बजावलेले आहे. तरीही कोणी मागितल्यास मागणी लेखी द्या म्हणावे. बहुतेक ठिकाणी विषय तेथेच मिटतो. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काचीच आहे, विकास शुल्क व इतर बाबींची नाही. म्हणजे आपण दिलेल्या आकड्यांत ४२,००० सुटतील आणि ९,००० स्वतः भरावे लागतील. पत्रक मात्र शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या महाविद्यालयास मंजूर केलेल्या शुल्काशी ताडून पाहा, कारण मंजूर रकमेपेक्षा अधिक घेण्याचा अधिकार संस्थेला नाही.

खंडाची चिंता करू नका. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या अटींत दोन वर्षांच्या खंडाचा उल्लेख आहे आणि त्यावरून बराच गोंधळ होतो, परंतु तो खंड अभ्यासक्रम चालू असतानाचा आहे, प्रवेशाच्या आधीचा नव्हे. शिवाय ती योजना खुल्या प्रवर्गासाठी आहे, आपली योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाची आहे. आपण फक्त खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

शिक्षणसेविका_पाटण

मी तीन वर्षांपूर्वी बी.एड. केले आणि आता एका माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून काम करते. वरील सरांनी सांगितले त्यात पसंतीक्रमाविषयी भर घालते. घराजवळचे महाविद्यालय आधी आणि लांबचे नंतर, असा क्रम आपण सर्वजण सवयीने लावतो. मीही लावला होता आणि तो चुकला. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालये वर ठेवा, मग ती लांब असली तरी चालतील. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आहे, पुण्यात टिळक शिक्षण महाविद्यालय आहे, शासकीय म्हणाल तर पनवेल, मुंबई, अकोला येथे आहेत. तेथे मूळ शुल्कच थोडे असल्यामुळे माफीबाहेर राहणारी रक्कमही थोडी असते, आणि पुढे एखादा दाखला अडकला तरी आकाश कोसळत नाही.

राहण्याचा खर्च हाच खरा खर्च आहे. आपण शिकवणी चालू ठेवून बी.एड. करण्याचा विचार करत असाल, तर तो सोडून द्या. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, त्यात २० आठवडे शाळेत काढावे लागतात आणि उपस्थितीची अट वर्गासाठी ८० टक्के व शाळेतील आंतरवासितेसाठी ९० टक्के आहे. सराव पाठांच्या दिवसांत तर रात्री बारापर्यंत तक्ते रंगवत बसावे लागते. हीच अट वाचली की त्या मध्यस्थाच्या ‘हजर न राहता बी.एड.’चेही उत्तर मिळते, असे बी.एड. नियमाने अस्तित्वातच नाही, आणि नेमणुकीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा मध्यस्थाचा फोन लागत नाही.

वसतिगृहासाठी प्रथम इतर मागासवर्गाच्या शासकीय वसतिगृहात अर्ज करावा. तेथे जागा मिळाली नाही, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तीत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून रक्कम थेट खात्यात येते, पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत आहे आणि लहान ठिकाणी त्याहून कमी. उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची असल्यामुळे आपण बसता, पण प्रत्येक जिल्ह्यात लाभार्थ्यांची संख्या ठरलेली आहे, म्हणून अर्ज सुटल्याबरोबर भरावा. पुण्यात प्रवेश मिळाल्यास विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचीही चौकशी करा. ग्रामीण भागातील गरजू मुला-मुलींची तेथे अल्प दरात सोय होते. रयतच्या महाविद्यालयांत कर्मवीर अण्णांनी घालून दिलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आहेच. मी ग्रंथालयात तास भरून चहा-नाश्त्याचा आणि तक्त्यांच्या कागदांचा खर्च काढला. फार नव्हे, परंतु घरी हात पसरावा लागला नाही.

निवृत्त_हिशेबनीस

मी बँकेत कर्जविभागात होतो, म्हणून कर्जापुरते लिहितो. शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून करता येतो. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही, पालक सहकर्जदार असतात, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत अभ्यासक्रमाच्या काळातील व त्यापुढच्या वर्षाचे व्याज शासन भरते, मात्र महाविद्यालय नॅक (महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय परिषद) मूल्यांकित असावे लागते. इतर मागासवर्ग वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे. संस्थास्तरावरच्या प्रवेशाला बँका हात आखडता घेतात, हे तेथेही लक्षात ठेवा.

आता माझे मत. कर्ज वाईट नाही, पण फेडणार कशातून, हा हिशेब आधी मांडावा. १,००,००० रुपये १० टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण २,१२५ रुपये येतो. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढून १८,००० रुपये झाले आणि ते तीन वर्षे तेवढेच राहते. घरभाडे वजा जाता त्यातून हप्ता निघेल, पण काटकसरीनेच. शिवाय बी.एड. पूर्ण होणे आणि पवित्र या शासनाच्या शिक्षकभरती संकेतस्थळावरून नेमणूक मिळणे यांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि अभियोग्यता चाचणी उभी आहे, आणि त्या चाचण्या दर महिन्याला होत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. पात्रता मानता येणार नाही असा निर्णय दिल्यापासून जागांचे दारही अरुंद झाले आहे. गणित विषय असल्याने सहावीच्या पुढच्या वर्गांसाठी आपल्याला संधी बरी आहे, तरी परतफेड सुरू होईल त्या दिवशी नोकरी असेलच, असे गृहीत धरून कर्ज काढू नये. आपल्या ३८,००० मध्ये दोन्ही वर्षांचे इतर शुल्क बसते. तेवढ्यावर शक्य असल्यास कर्जाविना निभवावे आणि आधार योजना हुकली तरच वसतिगृहापुरते छोटे कर्ज घ्यावे.

त्रिकोणमिती

सर्वांचे मनापासून आभार. संस्थास्तरावरच्या जागेस मी आजच फोन करून नकार कळवला. त्यावर लिपिकांनी ‘मग नंतर येऊ नका’ असे सुनावले. वाईट वाटले, परंतु ४२,००० पुढे ते सोसण्यासारखे आहे. पसंतीक्रमात सातारा आणि पुण्याची अनुदानित महाविद्यालये वर ठेवणार आहे.

एक शंका राहिली. माझी दोन बँक खाती आहेत, एक जिल्हा बँकेत आणि दुसरे टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत. दोन्हींना आधार जोडलेले आहे. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जात नेमके कोणते द्यावे?

टेबल_क्रमांक_चार

अर्जात आपण कोणते देता यापेक्षा थेट लाभ हस्तांतरणासाठी आधार कोणत्या बँकेशी निगडित आहे, यावर पैसे कोठे जातात ते ठरते. आणि ते एका वेळी एकाच खात्याशी निगडित असते, सहसा ज्या बँकेत शेवटी संमतीपत्र दिले तिच्याशी. दोन्ही बँकांत ‘आधार जोडले आहे’ असे सांगतात ते ग्राहकाच्या ओळखीपुरते असू शकते. आमच्याकडच्या एका मुलीची रक्कम आठ महिने सापडत नव्हती, ती शेवटी तिच्या आठवणीतूनही गेलेल्या एका जुन्या खात्यात निघाली. आधारच्या संकेतस्थळावर निगडित बँकेचे नाव दिसते, ते आताच पाहून घ्या आणि चालू नसलेले खाते दिसल्यास बँकेत जाऊन बदलून घ्या.

तसेच दहावीच्या गुणपत्रिकेवरचे, आधारवरचे आणि जातीच्या दाखल्यावरचे आपले नाव अक्षरशः एकसारखे आहे का ते ताडून पाहा; वडिलांच्या नावातील एका वेलांटीपायी अर्ज माघारी आलेले मी पाहिले आहेत. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लॉगिनवरून पुढे गेला की नाही, हे दर पंधरा दिवसांनी तपासावे आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतः आठवणीने भरावा, तो आपोआप होत नाही. उत्पन्नाचा दाखलाही त्या वेळी नव्या आर्थिक वर्षाचा लागेल.