मदत हवी आहे: ताईच्या अपघात दाव्यासाठी सोलापुरात चांगला वकील

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मोहोळजवळ मागून आलेल्या टेम्पोने माझ्या थोरल्या बहिणीला उडवलं. जीव वाचला, पण उजव्या मांडीत रॉड आहे, गुडघा अजून वाकत नाही. ती घरी ब्लाउज शिवते, तेही पायमशीनवर, त्यामुळे कमाई पूर्ण बंद.

एफआयआर, टेम्पोच्या विम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं जपून ठेवली आहेत. मोटार अपघात दावा 6 महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो आणि आपण राहतो तिथेही करता येतो, एवढं समजलंय. दवाखान्याच्या दारातच एका एजंटने गाठलं. कोऱ्या वकीलपत्रावर सही करा म्हणे, मिळतील त्यातले 30 टक्के द्या! बाई वेदनेने कण्हतेय आणि यांना टक्केवारी सुचते. सही दिली नाही.

पगारपत्रक नसताना शिवणकामाची कमाई कशी दाखवायची? तिची मापांची वही, गिऱ्हाइकांची साक्ष चालते का? सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला आत्ताच घ्यावा की रॉड काढल्यावर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथला कुणाला अनुभव आहे का? अपघाताचे दावे मनापासून चालवणारे वकील माहीत असतील तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा.