तटस्थ, गैरहजर की सभात्याग? इतिवृत्तात काय लिहायचं?

नवा_सचिव
सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हजेरीपटावर ४२ सह्या. ठरावाच्या बाजूने १९, विरोधात १७, सहाजणांनी हातच वर केला नाही. ‘सहा सदस्यांनी तटस्थ मत दिले’ असं लिहू का? आणि ठराव मंजूर धरायचा का?

शब्दखुंटी
‘तटस्थ मत’ असं काही नसतं. माणूस तटस्थ राहतो, म्हणजे मत देतच नाही. ‘मतदानाच्या वेळी ६ सदस्य तटस्थ राहिले’ एवढं पुरे. ‘गैरहजर’ तर मुळीच नको, त्यांच्या सह्या आहेत आणि ते गणपूर्तीत (सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीत) धरलेले आहेत. उठून गेले असते तर ‘सभात्याग’, आणि तिथे वेळ टाकायची, नाहीतर पुढच्या विषयांना गणपूर्ती होती का यावर भांडण ठरलेलं. ३० नोव्हेंबर २०१९ चा विधानसभेतला विश्वासदर्शक ठराव आठवा: बाजूने १६९, विरोधात शून्य, तटस्थ ४. भाजपचे आमदार सभात्याग करून गेले होते, म्हणून ते या तिन्ही आकड्यांत नाहीत.

उपविधी_वाचा
मंजूर की नामंजूर, हे त्या विषयाच्या नियमात बहुमत कशाचं मागितलंय त्यावर. ‘उपस्थित व मतदान करणाऱ्यांचं’ असेल तर ३६ पैकी १९, मंजूर. नुसतं ‘उपस्थितांचं’ असेल तर ४२ पैकी २२ हवेत, पडला. एकूण सभासदसंख्येवर मोजणी असेल तर तटस्थ राहणं आणि विरोध करणं यांत फरकच उरत नाही. सरपंचावरच्या अविश्वासात हेच होतं: ९ जणांच्या पंचायतीत दोन-तृतीयांश धरले तरी ६ लागतात. ५ बाजूने, २ विरोधात, २ तटस्थ, की ठराव बारगळला. ‘आम्ही कुणाच्याच बाजूने नव्हतो’ म्हणणाऱ्या त्या दोघांनीच सरपंच वाचवला!

शब्दखुंटी
आमदार-खासदारांना तर ही पळवाटही नाही. पक्षादेश (व्हिप) असताना परवानगीशिवाय मतदान टाळलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, अपात्रतेची टांगती तलवार.

नवा_सचिव
म्हणजे ४२ मधून ३६ वजा करून ६ तटस्थ लिहिले तर चालेल?

उपविधी_वाचा
नको. सही करून कुणी गच्चीवर फोनवर बोलत असतो, कुणी दोनदा हात वर करतो. पुढच्या वेळी अध्यक्षांना तीनदा विचारायला सांगा: बाजूने कोण, विरोधात कोण, तटस्थ कोण. तिन्ही वेळा हात मोजा. बेरीज जुळली नाही तर तिथल्या तिथे फेरमोजणी.