शाळेत खेळ, कॉलेजात 'ॲक्टिव्हिटी': स्पर्धात्मक चीअरलीडिंगला अधिकृत खेळ मानावं का?

मिरजकरीण (मिशिगन)

मंडळी, आमच्या घरात एक वाद चिघळलाय, त्यात तुमचं मत हवंय.

लेक अकरावीत आहे आणि शाळेच्या कॉम्पिटिटिव्ह चीअरच्या संघात आहे. आयपीएलचं चित्र डोळ्यांसमोर आलं असेल तर ते आधी पुसून टाका. माझ्या भावाच्या डोळ्यांसमोरून ते काही केल्या हलत नाही. २००८ मध्ये बंगळुरूच्या संघाने वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चीअरलीडर आणल्या, मुंबईत अश्लीलतेची ओरड झाली, आणि आपल्याकडे चीअरलीडर म्हणजे चौकार गेला की नाचणारी बाई हे कायमचं ठरून गेलं. भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, पोरीला बॅडमिंटनला तरी घालायचंस."

मिशिगनमध्ये हा हायस्कूलचा रीतसर खेळ आहे. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेची अजिंक्यपद स्पर्धा १९९४ पासून होते. हंगाम हिवाळ्याचा, संघ मुलींचे. तीन फेऱ्या असतात. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यांनी एका ठोक्यावर करायच्या उड्या, लवचीकता, टम्बलिंग म्हणजे कोलांट्या; तिसऱ्या फेरीत स्टंट, म्हणजे एकमेकींना उचलून केलेल्या रचना. त्या वेळी कुठल्या मुलांचा सामना चालू नसतो आणि या कुणाला प्रोत्साहन देत नसतात. जिंकायला आलेल्या असतात.

लेक बॅकस्पॉट आहे. खालच्या दोघी, म्हणजे बेस, वरच्या मुलीची, म्हणजे फ्लायरची, पावलं तळहातांवर घेतात, ही मागे उभी राहून घोटे धरून तिला वर उचलते. वरची कोसळली तर तिचं डोकं आणि मान जमिनीला लागण्याआधी झेलायची जबाबदारी हिची. खांद्यांवर, गळ्याच्या हाडापाशी कायम निळे डाग. आजी व्हिडिओ कॉलवर दबक्या आवाजात विचारते, "तुम्ही मारता का गं हिला?"

आता कॉलेजं बघायला सुरुवात केली, तर तिथे हा खेळच नाही! कॉलेजांचे खेळ चालवणारी एनसीएए चीअरलीडिंगला खेळ मानत नाही. एका विद्यापीठात चौकशी केली, तर चीअरचा संघ मार्केटिंग विभागाच्या हाताखाली, बँड आणि मुखवटा घालून नाचणाऱ्या मॅस्कॉटच्या पंगतीला. म्हणजे बारावी संपेपर्यंत खेळाडू असलेली पोर दोन महिन्यांत वाघाच्या मुखवट्याची सहकारी होणार. एनसीएएच्या खेळात हंगाम चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर सराव घेता येत नाही, ते बंधन हिच्या वाट्याला येत नाही. आणि गंमत बघा, जबर अपघाताच्या विम्यात मात्र एनसीएए चीअरलीडरना धरते, फक्त प्रशिक्षकाकडे सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. मान मोडली तर आमची, जिंकली तर कुणाची कोण.

माझं मत: स्पर्धेतलं चीअर खेळ मानावं, फुटबॉलच्या वेळी साइडलाइनवर जे चालतं ते मानू नये. लेक म्हणते असे दोन तुकडे करताच येत नाहीत. नवरा म्हणतो, काहीही म्हणा, फी तेवढीच आहे.

---

खोखोवाले_काका (पुणे)

ताई, तुमच्या मुलीच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण माझ्या लेखी खेळ म्हणजे समोरचा तुम्हाला अडवतो. खो-खोत मी पळतो ते पाठलाग करणाऱ्याला चुकवून. कबड्डीत सात जण पाय ओढायला टपलेले असतात. इथे तुम्ही आपला संच बसवून येणार, दाखवणार, परीक्षक गुण देणार. पुढच्या संघाने काय केलं त्याने तुमच्या एका उडीतही फरक पडत नाही. त्याला मी उत्तम कसरत म्हणेन. कसरत म्हणण्यात कमीपणा कुठे आला?

---

सुट्टा_बार

काका, रिओ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट दीपा कर्माकर प्रोडुनोव्हा ही अवघड उडी मारून चौथी आली तेव्हा तिला कोण अडवत होतं? गुण परीक्षकांनीच दिले ना? आपला मल्लखांबही तसाच, तो खेलो इंडियात आहे. चीअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला तर ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिलीय. ऑलिंपिकमध्ये खेळवत नाहीत हा भाग निराळा, पण खेळ आहे की नाही हा वाद तिथे तरी मिटला.

---

दुसरा_थर (ठाणे)

मी गोविंदा, दुसऱ्या थराचा. आता गुडघ्यामुळे खाली उभा राहून नुसता ओरडतो.

ताईंच्या पोस्टनंतर व्हिडिओ बघत बसलो. शाळेत दोन माणसांची उंची आणि कॉलेजात अडीच, यापुढे जायचं नाही असा नियम आहे म्हणे. आधी हसू आलं. आमच्या जय जवान पथकाने २०१२ ला इथेच नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला होता. मग पाहिलं की या पोरी वरच्या मुलीला नुसती चढवत नाहीत, हवेत फेकतात. ती वर दोन गिरक्या घेते आणि खाली चौघी झेलतात. आमच्याकडे एक्का, म्हणजे सगळ्यात वरचा पोरगा, असा फेकला तर आई पथकात येऊन कानाखाली देईल.

खेळाच्या दर्जाचं म्हणाल तर आमच्याकडे तो मिळून झालाय. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री शिंदेंनी विधानसभेत दहीहंडी साहसी खेळ म्हणून जाहीर केली. विमा आला, मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख. ते चांगलंच झालं. पुढच्या वर्षी प्रो गोविंदा आली, आत मॅट, दोरी, हेल्मेट, वेळ लावून थर. पण सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात गोविंदाही येणार म्हटल्यावर स्पर्धा परीक्षावाल्यांनी बोंब मारली, आणि मला विचाराल तर ती रास्त होती. कोणत्या स्पर्धेचा कितवा नंबर धरणार? प्रमाणपत्र देणार कोण? ते न ठरवताच घोषणा झाली होती. रस्त्यावर हंडीला अजून डीजे, नेता आणि डांबर, खाली गादी नाही.

तर ताई, दर्जा जरूर मागा. पण दर्जाआधी नियमांचं पुस्तक मागा, एवढंच अनुभवाने सांगतो.

---

कनेटिकटकर

दुसरा_थर यांनी नेमकं बोट ठेवलंय. अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला होता, तोही आमच्याच राज्यात.

१९७२ च्या टायटल नाइन कायद्याने कॉलेजांना मुलींनाही खेळाची समान संधी द्यावी लागते. समान म्हणजे किती, हे बघताना बरंचसं डोकी मोजून ठरतं. २००९ मध्ये क्विनिपियाक विद्यापीठाने खर्च कमी करायला मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद केला आणि त्या जागी स्पर्धात्मक चीअरचा संघ सुरू केला. व्हॉलीबॉलला थोड्याच खेळाडू लागतात. चीअरमध्ये त्याहून कितीतरी जास्त मुली कमी पैशात बसतात आणि डोक्यांचा हिशेब जुळतो. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षिका कोर्टात गेल्या.

जुलै २०१० मध्ये न्यायाधीश अंडरहिल यांनी निकाल दिला की टायटल नाइनसाठी हा खेळ धरता येणार नाही. हा मुद्दा काकांसाठी: मुली खेळाडू नाहीत असं ते कुठेही म्हणाले नाहीत. त्यांचं बोट होतं व्यवस्थेवर. सगळ्या स्पर्धांना एकच नियमावली नाही, आज कॉलेजशी तर उद्या खासगी क्लबशी सामना, इतर खेळांसारखी खेळाडूंची भरती नाही, हंगामाअखेर पायरीपायरीने जाणारी अंतिम स्पर्धा नाही. पुढे कधीतरी हा खेळ ठरू शकेल, ही वाट त्यांनी मोकळी ठेवली. २०१२ मध्ये अपील कोर्टाने निकाल कायम केला.

त्याच क्विनिपियाकमध्ये आज ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंगचा संघ आहे! स्टंट, पिरॅमिड, टॉस (हवेत फेकणं), टम्बलिंग सगळं चीअरचंच, फक्त पॉमपॉम (हातातले गोंडे) आणि घोषणा काढून टाकल्या, सहा प्रकार ठरवले, दोन कॉलेजं समोरासमोर. २०२० मध्ये एनसीएएने तो उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतला. त्या यादीतल्या खेळाला किमान ४० कॉलेजांत संघ लागतात, मग राष्ट्रीय अजिंक्यपदाचा विचार होतो. 'स्टंट' नावाचा दुसरा प्रकारही पुढे त्याच वाटेने गेला. त्यात दोन संघ शेजारी उभे राहून तोच संच एकाच वेळी करतात. ज्याचा चांगला होईल त्याला गुण, चार क्वार्टर.

आणखी एक, जे कुणी उघड बोलत नाही. चीअरच्या स्पर्धा, शिबिरं, गणवेश यांवर एका कंपनीची, व्हर्सिटीची, जबरदस्त पकड आहे. मक्तेदारीच्या दाव्यांत तिने २०२४ मध्ये ८.२५ कोटी डॉलरचा समझोता केला. अधिकृत खेळ झाला की हंगाम ठरतो, सरावाचे तास ठरतात, वर्षभराच्या स्पर्धा आणि उन्हाळी शिबिरं आपोआप आटतात. मान्यता कुणाला नकोशी असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

---

मिरजकरीण

कनेटिकटकर, क्विनिपियाकचं मला माहीतच नव्हतं. वाचून दोन दिवस चिडचिड झाली आणि मग लक्षात आलं की न्यायाधीशांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. एका मुलीचा खेळ मान्य करायला दुसरीचा बंद करायचा, हे कुठलं गणित? व्हॉलीबॉलवाल्या मुलीही कुणाच्या तरी लेकीच आहेत.

काका, तुमच्या 'अडवणाऱ्या'बद्दल. तिसऱ्या फेरीत एकदा बेसचं मनगट लचकलं. फ्लायर वरच होती. माझ्या लेकीने त्या क्षणी घोट्यांवरचे हात सोडून कमरेला धरलं आणि तिला पुढच्या ठोक्यावर खाली उतरवलं, बघणाऱ्यांना वाटलं बसवलेलंच आहे. अडवायला समोर दुसरा संघ नव्हता हे खरं. पण शंभर पाऊंडांची मुलगी डोक्यावर डुलत असताना कसरतीचा पाठ आठवत बसून चालत नाही, तिथे निर्णय घ्यावा लागतो. नियमांत बसत नसेल तर नको, माझ्या मते तो खेळ आहे.

लेकीला ॲक्रोबॅटिक्सचे व्हिडिओ दाखवले. मला वाटलं उडी मारेल. तर म्हणते, "आई, हे भारी आहे, पण यात चीअर कुठे आहे?" तिला शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानावर थंडीत ओरडायलाही आवडतं. म्हणजे मान्यता मिळायला हवी असेल तर जिच्यामुळे खेळ सुरू झाला तीच गोष्ट बाहेर ठेवायची. हे मला पटतही नाही आणि दुसरा उपायही सुचत नाही. त्यातून ही टम्बलिंगमध्ये बेताची. या संघांना बॅकस्पॉट लागते की सगळ्या कोलांट्या मारणाऱ्याच?

---

फिजिओ_ताई (ओहायो)

मी कॉलेजच्या खेळाडूंवर उपचार करते, चीअरच्या मुली वरचेवर येतात. बॅकस्पॉट लागतेच, ताई. पिरॅमिड आणि टॉस हे त्यांचे स्वतंत्र प्रकार आहेत, ते खालच्या मुलींच्या जिवावर चालतात. उंच आणि शांत डोक्याच्या मुलीचा व्हिडिओ जरूर पाठवा.

मान्यतेबाबत माझं मत ठाम आहे, आणि ते फक्त दुखापतींवरून. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की चीअरला खेळाचा दर्जा द्या. कारण एकूण दुखापती इतर खेळांपेक्षा कमी, पण हायस्कूलच्या मुलींना खेळात होणाऱ्या अतिगंभीर दुखापतींपैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या चीअरमधल्या. दर्जा असला की प्रशिक्षित प्रशिक्षक, सरावाला योग्य जागा, दुखापती बघायला हजर असलेला ॲथलेटिक ट्रेनर हे सगळं मागता येतं. नसला की बास्केटबॉलवाल्यांचं झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात, कडक फरशीवर.

२००६ ची एक घटना अजून आमच्याकडे शिकवताना सांगतात. सेंट लुईसला बास्केटबॉलच्या सामन्यात एक चीअरलीडर पिरॅमिडवरून डोक्यावर पडली. मेंदूला मार, मणक्याला तडा. मान पट्ट्यांनी बांधून स्ट्रेचरवरून नेत असताना बँडने कॉलेजचं गाणं सुरू केलं, आणि तिने झोपल्या झोपल्या हातांच्या हालचाली केल्या. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, टीव्हीवर कौतुक झालं. मला ते बघवत नाही. मणका दुखावलेल्या फुटबॉलपटूने स्ट्रेचरवर हात हलवले तर डॉक्टर ओरडले असते, इथे बँड वाजत राहिला. त्यानंतर बास्केटबॉलच्या उघड्या फरशीवर असे पिरॅमिड आणि बास्केट टॉस बंद झाले. नियम आले, पण कुणीतरी पडल्यावर.

कॉलेज बघायला जाल तेव्हा संघ कुठल्या विभागात आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, सरावाच्या वेळी ट्रेनर जागेवर असतो की फोनवर? डोक्याला मार लागला तर परत उतरवायचं की नाही हे कोण ठरवतं, प्रशिक्षक की डॉक्टर? मॅट कायम अंथरलेली असते का? आणि जमलं तर न सांगता सराव बघून या.

---

खोखोवाले_काका (पुणे)

मनगट लचकल्याचा किस्सा वाचला. कसरत हा माझा शब्द मी मागे घेत नाही. पण दोन संघ शेजारी उभे राहून एकच संच करतात, तो 'स्टंट'चा सामना कुठे बघायला मिळेल? पंच गुण कसे देतात ते पाहायचंय.

---

मिरजकरीण

काका, व्यक्तिगत निरोपात दुवा पाठवते. फिजिओ_ताई, प्रश्न उतरवून घेतले. पुढच्या महिन्यात दोन कॉलेजं बघायची आहेत, सरावाच्या वेळीच जाऊ.