शब्दचर्चा : हौस फिटते, नाद लागतो

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या दारात एक काळा फळा आहे. निधनाची बातमी, पाणी न येण्याचा वार असलं सगळं त्यावर लिहिलं जातं. गेली काही वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मी त्यावर एक यादी लिहितो : कुठं कुठला पिक्चर लागलाय, नाटक आहे का, कुठल्या मंडळानं ऑर्केस्ट्रा ठेवलाय, कॉलेजच्या पोरांचा बँड कुठं वाजवणार, स्टँडअप कॉमेडीवालं कोण येणार. खाली अर्धा फळा मोकळा सोडतो. ज्यानं जे बघितलं त्यानं तिथं दोन ओळी लिहायच्या. मथळा होता, ‘कार्यक्रमांची आवड असणाऱ्यांसाठी’.

मागच्या रविवारी सकाळी बघतो तर ‘आवड’ ओल्या बोटानं पुसलेलं आणि तिथं ठसठशीत ‘नाद’. ‘कार्यक्रमांची’मधल्या ‘ची’ची वरची वेलांटी तेवढी पुसली होती, खाली काना राहिला, झालं ‘कार्यक्रमांचा’. ज्यानं कुणी केलं त्याला व्याकरण येतं.

दुपारी तालमीतल्या एका निवृत्त मास्तरांनी ते पुसायला सांगितलं. नाद पत्त्यांचा असतो, दारूचा असतो, दारावर लिहायचा शब्द न्हवं, असं त्यांचं म्हणणं. मी अजून पुसलेलं नाही. तुमचं मत हवंय, पण आधी माझं सांगतो.

असे शब्द ओळखायचे असतील तर त्यांच्यासोबत येणारी क्रियापदं बघावीत. आवड असते. छंद जडतो, मग तो माणूस जोपासतो. शौक पुरा करतात. गोडी लागते. हौस फिटते, भागते, नाहीतर कुणीतरी पुरवतं. म्हणजे हौसेला शेवट आहे : एकदा विमानात बसायची हौस होती, बसलो, फिटली. नाद मात्र फिटल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. नाद लागतो आणि सुटला तर सुटतो. आणि तो दुसरा लावतो. ‘मला नाटकाचा नाद मामानं लावला’ या वाक्यात मामा असावाच लागतो. फळ्याचं कामही तेच, एकानं बघितलेलं दुसऱ्याला लावायचं. म्हणून ‘आवड’पेक्षा ‘नाद’ मला नेमका वाटतो.

मूळ अर्थ ध्वनी. ध्वनीपासून ओढीपर्यंत शब्द कसा आला असेल? जुन्या काव्यात हरिण नादाला भुलून पारध्याच्या जाळ्यात जातं, पतंग ज्योतीवर जातो, भुंगा वासामागं कमळात अडकतो. त्या हरणाजवळच हा दुसरा अर्थ जन्मला असावा असं मला मनापासून वाटतं. कान आधी जातो, पाय मागनं.

आता ‘नाद खुळा’. एक शब्द की दोन? माझी चाचणी अशी. ‘त्याचा नादच खुळा’ इथं सरळ वाक्य आहे, नाद पुल्लिंगी म्हणून खुळा. ‘ही पोरगी नादखुळी हाय’ इथं जोडशब्द झाला, पोरगीप्रमाणं बदलला. पण ‘गाणी कशी झाली?’ याला उत्तर ‘नाद खुळा!’ असंच येतं. ‘नादखुळी’ कुणी म्हणत नाही. इथं तो विशेषणही राहिलेला नाही, ‘वाहवा’सारखा उद्गार झालाय. एकाच गावात एकाच शब्दाच्या तीन अवस्था एकावेळी नांदताना दिसतात, याचं मला फार अप्रूप आहे.

शिवाजी पेठेतून

तुम्ही एक अर्थ सोडला भावा. ‘आमचा नाद करायचा नाय’. इथं ओढ कुठं आहे? इथं आव्हान आहे. फुटबॉलच्या सीझनला शाहू स्टेडियमवर बसून बघा, दर पाच मिनिटाला ऐकू येईल.

मूळ लेखक

बरोबर, राहिला होता. ‘नादाला लागणे’ याच्याच दोन वाटा झाल्या. ‘त्या पोराच्या नादाला लागून बिघडला’ म्हणजे मागं गेला. ‘माझ्या नादाला लागू नकोस’ म्हणजे वाटेला जाऊ नकोस. ‘नाद करायचा नाय’ हा दुसऱ्या वाटेवरचा. त्यात कौतुक मिसळलंय एवढंच : जो जबरदस्त आहे त्याच्याच वाटेला जायचं नसतं.

माहेर कोल्हापूर, आता पुण्यात

माझी आजी पिक्चर बघून आली की म्हणायची, “मी बघितलो. लई रडलो.” बाई असून ‘बघितलो’, ‘रडलो’. कोल्हापूरच्या बायकांचं हेच बोलणं. मीही ऑफिसात ‘काल शो बघाय गेलतो’ म्हणाले की शेजारची मान वर करून बघते. मी बदलत नाही.

आजीचा शब्द मात्र ‘हौस’ होता. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना ती मोजून सांगायची : हौसे, नवसे, गवसे. हौसे मजेला आलेले, नवसे नवस फेडायला, गवसे काही हाताला गवसतंय का बघायला. फेस्टिव्हलच्या गर्दीला आजही हे तिन्ही लागू पडतात. फुकट पास मिळतोय का बघणारा गवसा दर कार्यक्रमाला दारात उभा असतो. तेव्हा हौस फिटते म्हणून तिला खालच्या पायरीवर बसवू नका. आजीची हौस दरवर्षी नव्यानं यायची.

मूळ लेखक

मान्य. फिटते आणि परत येते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मास्तरांसाठीही यात उत्तर आहे. हौस हा शब्द अरबी ‘हवस’वरून आला. हिंदीत हवस म्हणजे आजही वासना, आणि आपण मात्र राज्य नाट्य स्पर्धेतल्या कलावंतांना मानानं ‘हौशी’ म्हणतो, हौसेनं पुरणपोळ्या करतो. हौसेचं पाप मराठीनं धुऊन काढलं, तर नादाचं का धुऊ नये?

कागलकडचा

मला ‘बँड’बद्दल बोलायचंय. फळ्यावर ‘लाइव्ह बँड’ लिहिलंत तर आमच्याकडची जुनी माणसं लग्न कुणाचं विचारतील. बँड म्हणजे वरातीतला. गिटार, ड्रमवाल्या पोरांना ती ऑर्केस्ट्राच म्हणतात. मिरवणुकीत बेंजो असतो, कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमकं-कैताळ. आणि आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला ‘पी ढबाक’. हा शब्द मला सगळ्यात लाडका. पी म्हणजे वरचा बारीक सूर, ढबाक म्हणजे चामड्यावरची थाप. नाव घेतलं की वाद्य वाजतं.

‘लाइव्ह’ला मराठी काय?

मूळ लेखक

‘पी ढबाक’ उद्याच फळ्यावर जाणार. ‘लाइव्ह’ला मी ‘प्रत्यक्ष’ लिहून बघितलं, ते सरकारी वाटलं. ‘जिवंत’ लिहिलं, तर पोस्टर वाचून अंगावर काटा यायचा. ‘समोर’ मात्र चालतं : ‘समोर बसून ऐका’. बाकी ठिकाणी लाइव्हच ठेवतो. तो शब्द सगळ्यांना कळतो.

राजारामपुरीतून

माझं मास्तरांच्या बाजूनं मत आहे. चांगले शब्द आहेत की आपल्याकडं. रसिक आहे, दर्दी आहे. ज्या गावात उस्ताद अल्लादिया खाँ दरबारी गवई होते, गाण्याचा देवल क्लब 1883 पासून आहे, त्या गावानं ‘दर्दी’ सोडून ‘नाद’ का घ्यावा?

मूळ लेखक

दर्दी मलाही प्रिय आहे. दर्द म्हणजे वेदना, आणि गाणं ऐकताना ज्याला ती होते तो दर्दी. एवढा नाजूक अर्थ क्वचित सापडतो. पण दर्दी मैफलीत शोभतो. स्टँडअप कॉमेडीचा दर्दी म्हणून बघा, जिभेला जमत नाही. तिथं हशा पिकतो, पोट धरून मुरकुंडी वळते. रसिक तर आता निवेदकांनीच झिजवलाय, ‘रसिक मायबाप’ म्हटलं की लोक खुर्ची शोधायला लागतात. नाद मैफलीला, पिक्चरला, हलगीला, सगळ्याला पुरतो.

आणि या गावाचं एक उदाहरण देतो. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा बघून त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत, 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. कॅमेरा झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी झाली, 1920 साली ‘सैरंध्री’ आला. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांनी 1929 साली इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली. याला छंद म्हणायचं? आवड म्हणायची?

‘तालीम’ शब्दही आठवतोय या निमित्तानं. मूळ अरबी, अर्थ शिकवण. आमच्याकडं पैलवान तालमीत जातो आणि नाटकवालाही तालमीला जातो. शाहू महाराजांनी खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, शेजारी शेजारी बांधलं. एका भिंतीच्या अलीकडं पलीकडं दोन्ही तालमींचा कस लागायचा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मी गेलो तेव्हा रस्त्यावर माणसं नुसती उभी होती. माझ्या शेजारी एक म्हातारा सायकल धरून उभा होता. तो दोनदा एवढंच म्हणाला, “इथंच लागला मला नाद.” पुढं त्याला बोलवेना.

त्यानं ‘आवड’ म्हटलं असतं तर मला ते वाक्य आज आठवलं नसतं.

शिवाजी पेठेतून

मग पुसू नका.

मूळ लेखक

नाही पुसत. आज मास्तर फळ्यासमोर बराच वेळ थांबले होते. खडू मागून घेतला आणि मोकळ्या जागेत त्यांनी कालच्या नाटकाबद्दल दोन ओळी लिहिल्या. मथळ्याला हात लावला नाही.